पॉइंट टू-टू पिस्तूल सारखं अडकतंय? आधी काय बघायचं आणि हात कुठे थांबवायचा

रेंजवर ज्युनियर मुलांच्या मदतीला उभं राहिलं की एक तक्रार हमखास येते. "सर, पिस्तूल अडकतंय. नवी स्प्रिंग टाकू का?" पिस्तूल असतं २५ मीटरचं स्पोर्ट पिस्तूल, काडतूस .२२ लाँग रायफल, मॅगझिन पाच गोळ्यांचं. स्प्रिंग टाकायची वेळ क्वचितच येते. बहुतेकदा दोष निघतो काडतुसात, मॅगझिनमध्ये, नाहीतर चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत, साचलेल्या मेणात. या तीन गोष्टी तपासायला जवळजवळ काहीच खर्च येत नाही, आणि नेमक्या त्याच सोडून लोक पिस्तूल उघडून बसतात.

अडचणीचं मूळ काडतुसाच्या नावातच आहे: लाँग रायफल. स्वप्नील कुसळेने २०२४ साली पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं कांस्य जिंकलं ते याच काडतुसावर, आणि राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलचं सुवर्ण जिंकलं तेही याच काडतुसावर. दोघंही कोल्हापूरचे, काडतूस एकच, पण यंत्रं पार वेगळी. रायफलीत बोल्ट, म्हणजे चेंबर मागून बंद करणारा सरकता तुकडा, नेमबाज हाताने ओढतो. पुंगळी (गोळी उडाल्यावर उरलेलं काडतुसाचं रिकामं कवच) जरा घट्ट बसली तर हात थोडा जोर जास्त लावतो आणि पुढे सरकतो, त्याला पत्ताही लागत नाही. पिस्तुलात हे सगळं काम काडतुसालाच करावं लागतं. नळीची लांबी नियमाने जास्तीत जास्त १५३ मिलिमीटर. गोळी तेवढ्यातून बाहेर पडेपर्यंत जो दाब मिळेल त्यावर बोल्ट मागे जायला हवा, पुंगळी बाहेर फेकली जायला हवी, स्प्रिंग दाबली जायला हवी. आणि तीच स्प्रिंग सुटताना नवं काडतूस चेंबरमध्ये नेऊन बसवते. या साखळीत जोराची शिल्लक फार थोडी असते. म्हणून रायफलवाल्या मित्राकडे मख्खन चालणारा डबा तुमच्या पिस्तुलात दर तिसऱ्या मॅगझिनला अडकू शकतो, आणि त्यात पिस्तुलाचा दोष नसतो.

खालची कुठलीही तपासणी करण्याआधी: नळीचं तोंड टार्गेटकडे, मॅगझिन बाहेर, बोल्ट मागे, चेंबर डोळ्यांनी बघितलेलं, सेफ्टी फ्लॅग (चेंबर रिकामं असल्याची खूण दाखवणारी पट्टी) आत. टेबलावर एकही जिवंत काडतूस नको. पुसणं-घासणं फायरिंग लाइनवर नाही, रेंज ऑफिसर सांगेल त्या जागी. घरी दिवाणखान्यात गोळी भरून "बसते का बघू" हा प्रयोग कुणीही, कधीही करायचा नाही.

लक्षणं

नुसतं "अडकलं" एवढ्यावरून निदान होत नाही. कसं अडकलं ते हवं, आणि ते दिसतं फक्त मोकळं करण्याआधी. सरावात पिस्तूल थांबलं की बोट चापावरून काढा, नळी समोरच ठेवा आणि बोल्ट ओढायच्या आधी दोन-तीन सेकंद नुसतं बघा. यातलं काहीतरी एक दिसेल:

– रिकामी पुंगळी बाहेर पडता पडता बोल्टमध्ये उभी चिमटली आहे.
– पुंगळी चेंबरमध्येच राहिली आहे आणि नवी गोळी तिच्या बुडाला धडकली आहे.
– नवी गोळी चेंबरच्या तोंडाशी नाक आपटून वाकडी झाली आहे.
– बोल्ट पुढे आला आहे, पण शेवटची मिलिमीटरभर फट राहिली आहे.
– सगळं बंद आहे, चाप ओढल्यावर "टक्" झालं, गोळी उडाली नाही.
– चाप ओढला तर टक् सुद्धा नाही.

आणखी दोन लक्षणं आहेत, पण त्यांत तपासणी नाहीच: नेहमीच्या आवाजाऐवजी "फुस्स" झालं, किंवा एका ओढीत दोन गोळ्या गेल्या. त्यांचं खाली वेगळं लिहिलं आहे. ही दोन दिसली तर उरलेला लेख सोडून थेट "इथे थांबा" या भागात जा.

दुसरी नोंद ठेवायची ती "कधी" याची. शूटिंग डायरीत गुणांबरोबर तीन गोष्टी लिहा: कोणतं मॅगझिन, मॅगझिनमधली कितवी गोळी, आणि काडतुसाच्या डब्यावरचा लॉट नंबर, म्हणजे कारखान्यात एकत्र बनलेल्या खेपेचा आकडा. आठवड्याभरात चित्र उभं राहतं. एकाच मॅगझिनला होत असेल तर पिस्तूल निर्दोष. नेहमी शेवटच्या गोळीला होत असेल तर त्या मॅगझिनची स्प्रिंग थकली आहे. पहिल्या तीस-चाळीस गोळ्या छान आणि मग त्रास सुरू, म्हणजे घाण. सगळ्या मॅगझिनना, कुठल्याही गोळीला, पण एकाच लॉटला, म्हणजे काडतूस. डायरी न ठेवता "सगळंच करून बघितलं" म्हणणाऱ्यांना मी पहिल्यांदा वही आणायला पाठवतो.

फक्त रॅपिडमध्येच होतंय का?

ही तपासणी फुकट आहे, तीस सेकंदांची आहे, आणि जवळजवळ कुणी करत नाही. प्रिसिजनच्या, म्हणजे सावकाश मारायच्या तीस गोळ्या बिनतक्रार जातात, पण रॅपिडमध्ये, म्हणजे दर गोळीला तीनच सेकंद मिळतात त्या भागात, हिरवा दिवा लागला की मध्येच चाप मेल्यासारखा होतो, टक् सुद्धा नाही. अशा वेळी मुलाचं बोट बघा. मागच्या गोळीनंतर त्याने चाप पुरता पुढे सोडलेलाच नसतो. सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलात चाप पूर्ण सुटला की आतला खटका पुन्हा जोडला जातो. अर्धवट सोडला तर ओढायला काही उरतच नाही. रिकाम्या पिस्तुलावर, ड्राय फायरची (गोळी न भरता चाप ओढायची) सोय वापरून, सुटण्याचा तो हलका "क्लिक" कानाने ऐकवा. दोन हिरव्या दिव्यांमधल्या सात सेकंदांत हात खाली ४५ अंशांवर येतो तेव्हाच बोट मोकळं झालं पाहिजे, ही सवय लावा. पार्ट बदलून हा दोष कधीच जात नाही.

दुसरी फुकट गोष्ट म्हणजे मूठ. लाकडी ग्रिप स्वतःच्या हाताप्रमाणे करायला लोक पुट्टी भरतात, कानस मारतात. ग्रिप मस्त बसते, पण पुट्टीचा एक फुगवटा मॅगझिनच्या वाटेत येतो आणि मॅगझिन अर्धा मिलिमीटर खाली राहतं. मग वरची गोळी बोल्टच्या समोर नीट येत नाही. ग्रिप काढून तेच मॅगझिन घातल्यावर खटका वेगळा, ठाम ऐकू आला तर दोषी सापडला. अंगठा बोल्टला घासतोय का तेही बघा. घासत असेल तर अंगठ्याच्या बाजूला काजळीची रेघ उमटलेली असते. हात घातलाच आहे तर ग्रिप आणि नेम धरायच्या मागच्या साइटचे स्क्रूही बघून घ्या. ते सैल असतील तर पिस्तूल अडकत नाही, पण ग्रूप (टार्गेटवर गोळ्या पडतात तो पुंजका) भटकतो आणि तक्रार तीच येते: "पिस्तूल बिघडलंय."

काडतूस

दुसरा लॉट किंवा दुसरा ब्रँड घेऊन चार-पाच मॅगझिन मारून बघा. स्वतःकडे नसेल तर क्लबमधल्या कुणाकडून रेंज ऑफिसरला सांगून डबा बदलून घ्या. ही तपासणी आधी का? कारण बाकी काहीही न हलवता एकच गोष्ट बदलते. त्रास गेला तर विषय संपला. दोन-तीन गोष्टी एकदम बदलल्यात तर नक्की कशाने बरं झालं ते कधीच कळणार नाही.

बहुतेक स्पोर्ट पिस्तुलं स्टँडर्ड व्हेलॉसिटीसाठी बांधलेली असतात: ४० ग्रेनची, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅमची शिशाची गोळी, साधारण ३२० ते ३३० मीटर प्रति सेकंदाने. त्याहून मंद सबसॉनिक गोळी बोल्ट पुरता मागे ढकलत नाही आणि पुंगळी उभी चिमटते. यावर रामबाण म्हणून कुणीतरी हाय व्हेलॉसिटीचा डबा हातात देतो. पिस्तूल त्या दिवशी धडाधड चालतं, अडकणं गायब. पण बोल्ट मागे जोराने आपटत राहतो, बफर (तो आपटा झेलणारा तुकडा) पिचतो, आणि अशीच वर्षं गेली की फ्रेमला तडा. कारखान्याच्या पुस्तिकेत जे लिहिलंय तेच वापरा.

.२२ची गोळी उघडी असते आणि तिच्यावर मेणाचा किंवा ग्रीसचा पातळ थर असतो. एप्रिलमध्ये दुपारी गाडीच्या डॅशबोर्डवर राहिलेला डबा उघडून बघा, थर वितळून एका बाजूला आलेला दिसेल. उलट डिसेंबरात दिल्लीला, तुघलकाबादच्या कर्णी सिंग रेंजवर सकाळच्या पहिल्या डिटेलमध्ये (नेमबाजांच्या तुकडीत) तेच ग्रीस घट्ट होतं आणि पहिली दोन मॅगझिन कुरकुरतात. डबा जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवणारे मूर्ख नसतात. तेल मात्र काडतुसाला कधीही लावू नका. काही तेलं आत झिरपून बारूद आणि प्रायमर (ठोका बसला की आधी पेटणारा मसाला) निकामी करतात.

आयात काडतूस सहज मिळत नाही, त्यामुळे "आहे त्यात निभावू" हा मोह मी समजू शकतो. निभवा, पण सरावात कुरकुरणारा लॉट स्पर्धेच्या पेटीत ठेवू नका.

मॅगझिन

माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त तक्रारी इथेच मिटतात. तपासणी अगदी साधी: पांढऱ्या पेंट पेनने प्रत्येक मॅगझिनवर १, २, ३ लिहा. बस्स. जोवर आकडे नाहीत तोवर चार चांगल्या मॅगझिनमध्ये एक वाईट लपून राहतं आणि बदनाम पिस्तूल होतं.

वाईट मॅगझिन बाहेरून ओळखायचं तर वरचे दोन ओठ बघा, ज्यांच्याखाली गोळी अडून राहते. ते पातळ पत्र्याचे असतात. काँक्रीटवर एकदा पडलं की एक ओठ केसभर उघडतो आणि गोळीचं नाक ठरलेल्या कोनाऐवजी थोडं खाली किंवा थोडं बाजूला राहतं. नाक आपटून वाकडी झालेली गोळी हे त्याचं लक्षण. नव्या मॅगझिनशेजारी धरून उजेडात तुलना करा. फरक दिसला तर ते मॅगझिन बाद. पकडीने ओठ दाबून सरळ करणारे वस्ताद प्रत्येक रेंजवर असतात; त्यांच्या हाती मॅगझिन देऊ नका. ओठांचा कोन डोळ्याने लावता येत नाही, आणि अर्धवट बरं झालेलं मॅगझिन सरळ बिघडलेल्यापेक्षा वाईट, कारण ते सरावात चालतं आणि मॅचमध्ये दगा देतं.

भरण्याची पद्धतही बघा. .२२च्या काडतुसाला बुडाशी कड असते. ती कड खालच्या गोळीच्या कडेमागे अडकली तर वरची गोळी पुढे सरकत नाही. प्रत्येक गोळी मागे, मॅगझिनच्या पाठीला टेकेपर्यंत सरकवा. भरून झाल्यावर मॅगझिनची पाठ तळहातावर हलकेच आपटा. आतला प्लास्टिकचा किंवा धातूचा ठोकळा बोटाने दाबून सोडा: एका झटक्यात वर आला पाहिजे, आळसावून नाही. आळसावत असेल तर मॅगझिन पुस्तिकेप्रमाणे उघडा, कोरड्या फडक्याने पुसा, तेल न लावता बंद करा. तेलावर काजळी बसते आणि त्याची खळ होते.

चेंबर आणि बोल्टचं तोंड

पुंगळी आत राहते, बोल्टची फट राहते, किंवा पहिल्या ठोक्याला न उडालेली गोळी दुसऱ्या ठोक्याला उडते: या तिन्हींमागे बहुधा एकच कारण. चेंबरमध्ये मेण, काजळी आणि शिसं यांचं कडं तयार झालेलं असतं. गोळी त्या कड्याला टेकून अर्धा मिलिमीटर बाहेर राहते. फायरिंग पिनचा पहिला ठोका तिला फक्त आत ढकलण्यात खर्ची पडतो. दुसऱ्या ठोक्याला ती बसलेली असते म्हणून उडते. मुलं याला "प्रायमर खराब" म्हणतात आणि चांगला डबा फेकायला निघतात.

उपाय म्हणजे .२२चा ब्राँझ ब्रश आणि एक-दोन थेंब सॉल्व्हंट. ब्रश चेंबरच्या बाजूने आत घाला, चेंबरमध्ये फिरवा, पाच-दहा मिनिटं थांबा, मग कापडाचे तुकडे कोरडे बाहेर येईपर्यंत. नळीच्या तोंडाकडून लोखंडी रॉड घुसवू नका. तिथल्या कडेला ओरखडा आला की ग्रूप कायमचा बिघडतो. ओढायच्या दोरीवाला पुलथ्रू सगळ्यांत बिनधोक.

मग एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे पुंगळीची कड पकडून बाहेर ओढणारी नखी. तिच्या खाचेत शिशाचा भुसा घट्ट बसतो आणि नखी कडेवर पुरती बसत नाही. लाकडी टूथपिक घ्या, खाच कोरून काढा, बोल्टचं तोंड पुसा. दहा रुपयांच्या टूथपिकच्या डबीने जितकी पिस्तुलं "दुरुस्त" होतात तितकी कुठल्याही स्पेअर पार्टने होत नाहीत.

शेवटी तेल, आणि ते थोडंच. बोल्ट घासतो त्या रुळांवर थेंबभर, जास्तीचं पुसून. पावसाळ्यात मुंबई-कोकणात गंज येईल या भीतीने लोक पिस्तूल तेलात बुडवतात. ते तेल फायरिंग पिनच्या बिळात उतरतं, काजळी धरतं, पिन सुस्त होते आणि ठोका हलका पडायला लागतो. गंजाची भीती असेल तर पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि ओल्या पेटीत पिस्तूल बंद करू नका.

टक् झालं, गोळी नाही

आधी थांबा. नळी टार्गेटकडे, बोट बाहेर, निदान ३० सेकंद. क्वचित गोळी उशिरा पेट घेते, आणि ती बोल्ट उघडल्यावर पेटली तर पुंगळी फुटून चेहऱ्याकडे येते. डोळ्यांवर गॉगल हवा तो याच क्षणासाठी.

मग काढलेल्या काडतुसाचं बूड बघा. .२२मध्ये प्रायमर मध्यभागी नसतो. तो कडेच्या आत फिरवून बसवलेला असतो. त्यामुळे पिनची खूण नेमकी कडेवर हवी. शेजारी एक उडालेली चांगली पुंगळी ठेवून तुलना करा. खूण खोल आणि जागच्या जागी असेल तर त्या एका गोळीत कडेला प्रायमर पोचलेला नसेल. अधूनमधून असं होणारच. खूण उथळ असेल तर चेंबर आणि पिनचं बीळ यांच्या स्वच्छतेकडे परत जा. स्वच्छ करूनही उथळच येत असेल तर पिन झिजली आहे किंवा तिची स्प्रिंग दमली आहे, आणि तो पुढचा, तुमच्या हाताबाहेरचा विषय.

स्प्रिंग आणि बफर: घरच्या हाताची शेवटची पायरी

इथवर येऊनही पुंगळ्या चिमटत असतील तर रिकॉइल स्प्रिंग आणि बफर बघायची वेळ आली. काही मॉडेलमध्ये ते काढणं-घालणं पुस्तिकेत मालकासाठी लिहिलेलं असतं, काहींमध्ये नसतं. लिहिलेलं नसेल तर उघडू नका. बफर म्हणजे बोल्ट मागे आपटतो तिथला रबराचा किंवा पॉलिमरचा तुकडा. तो चिरला, चेपला की त्याचे तुकडे बोल्टच्या वाटेत येतात आणि कुठलंच ठरावीक लक्षण न दाखवता पिस्तूल कधीही थांबतं. स्वस्त पार्ट आहे, पेटीत एक जादा ठेवावा. स्प्रिंग बदलायची तर त्याच मॉडेलची, त्याच पार्ट नंबरची. स्प्रिंगचं एक वेटोळं कापून "हलकी" करणं हा उपाय नाही. बोल्ट मागे जाईल, पण पुढे येताना गोळी पुरती बसवणार नाही, आणि मागचा आपटा वाढेल तो वेगळाच.

इथे थांबा

"फुस्स" झालं: लगेच थांबा. गोळी नळीत अडकलेली असू शकते. तिच्यामागून दुसरी मारली तर नळी फुगते किंवा फुटते. रॅपिडमध्ये हे फार कठीण आहे, कारण हात तालात असतो; म्हणून मुलांना आवाज ओळखायला आधीच शिकवा. पिस्तूल खाली, हात वर, रेंज ऑफिसरला बोलवा. अडकलेली गोळी घरी रॉडने ठोकून काढू नका.

एका ओढीत दोन गोळ्या गेल्या, किंवा बोल्ट पुढे येताना चाप न ओढता गोळी सुटली: त्या दिवसाचा सराव संपला. "परत होतंय का बघू" म्हणून मॅगझिन भरू नका. सिअर नावाचा आतला खटका धरत नाही, याचा तो अर्थ आहे. बहुधा कुणीतरी चाप हलका करायला तिथे दगड फिरवलेला असतो. २५ मीटर पिस्तुलाचा चाप नियमाने किमान १००० ग्रॅमचा हवा. स्पर्धेआधी वजन टांगून तो मोजता येतो. कमी भरला तर पुस्तिकेत दाखवलेल्या ॲडजस्टमेंट स्क्रूपलीकडे काहीही हलवू नका.

चेंबरच्या कडेला नखाला लागेल असा कंगोरा, बोल्ट किंवा फ्रेमवर केसासारखी रेघ, तुटकी नखी, झिजलेली पिन: हेही सगळं आर्मररकडे, म्हणजे शस्त्रदुरुस्तीच्या जाणकाराकडे. कंगोरा बहुधा ड्राय फायरची सोय न वापरता रिकाम्या चेंबरवर चाप ओढत राहिल्याने येतो. पिन दरवेळी तिथेच आपटते आणि धातू आत सरकतो. तो काढायला खास हत्यार लागतं. कानस लावलीत तर नळीच बदलावी लागेल.

यात फक्त कौशल्याचा प्रश्न नाही, कायद्याचाही आहे. शस्त्र अधिनियम १९५९च्या कलम ५ प्रमाणे अग्निशस्त्राच्या दुरुस्तीचा आणि चाचणीचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही, आणि कलम ६ प्रमाणे परवान्याशिवाय नळी आखूड करणं गुन्हा आहे. गल्लीतल्या लेथवाल्याकडे पिस्तूल नेणं म्हणजे त्याला आणि स्वतःला दोघांनाही अडचणीत टाकणं. परवानाधारक गनस्मिथ, नाहीतर मोठ्या स्पर्धांना येणारे कंपन्यांचे आर्मरर, एवढे दोनच दरवाजे. नेताना परवाना सोबत ठेवा, आणि पिस्तूल ठेवून यायचं असेल तर नंबरासकट पावती घ्या. डायरीची ती पानं दाखवा. "कधीकधी अडकतं" यापेक्षा "तिन्ही मॅगझिनला, दोन लॉटना, चेंबर साफ असताना, पुंगळी आत राहते" हे ऐकून आर्मररचं अर्धं काम होतं.

मॅच चालू असताना

वरचं काहीही करायचं नाही. हा भाग पालकांनीही वाचावा, कारण मागून "बोल्ट ओढ, बोल्ट ओढ" असं तेच ओरडतात. नियम असा आहे की पिस्तूल थांबलं तर नळी समोर ठेवायची, काहीही न हलवता मोकळा हात वर करायचा आणि अधिकाऱ्याला बघू द्यायचं. गोळी उडाली नाही, पुंगळी अडकली, पिन तुटली, नळीत गोळी राहिली, अशा गोष्टी ग्राह्य बिघाडात मोडतात आणि सिरीज (पाच गोळ्यांचा संच) पूर्ण करायची किंवा पुन्हा मारायची संधी मिळते. पण नेमबाजाने स्वतः बोल्टला किंवा सेफ्टीला हात लावला, गोळ्याच भरल्या नव्हत्या, मॅगझिन नीट बसवलं नव्हतं, किंवा चाप पुरता सोडला नव्हता, तर बिघाड अग्राह्य आणि न मारलेल्या गोळ्या शून्य.

यंत्र कुणालाही सोडत नाही. टोकियोत २५ जुलै २०२१ला मनू भाकरचं एअर पिस्तूल पात्रता फेरीतच बिघडलं, दुरुस्तीत बराच वेळ गेला, आणि ५७५ गुणांवर ती बारावी राहिली. अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. त्या बिघाडाचा आपल्या मेणाच्या कड्याशी संबंध नाही. पण जादा मॅगझिन, जादा बफर आणि शक्य असेल तर क्लबचं जादा पिस्तूल इक्विपमेंट कंट्रोलमधून (स्पर्धेआधीच्या साहित्य-तपासणीतून) पास करून घेणं किती गरजेचं, ते तिथे दिसतं.

दुरुस्तीनंतर

दोष गेला असं म्हणायच्या आधी ज्या परिस्थितीत तो येत होता तीच परत आणा. रॅपिडमध्ये येत होता तर तीन-सातच्या दिव्यावरच तपासा, संथ प्रिसिजनवर नाही. चाळिसाव्या गोळीनंतर येत होता तर मध्ये साफ न करता साठाच्या पुढे जा. प्रत्येक मॅगझिन समान वेळा भरा आणि डायरीत खूण करा. एक मॅगझिन अजूनही रुसत असेल तर त्यावरचा आकडा खोडून मोठा लाल फुल्ला मारा आणि ते ड्राय प्रॅक्टिसच्या पेटीत टाका. त्यात पुन्हा गोळी भरायची नाही.